सिंकची बैठक

घरांतील ज्या वस्तूंकडे आल्यागेल्या पाहुण्याचें लक्ष जात नाहीं, परंतु ज्यांच्यावांचून घरच्या माणसांचा एक दिवसहि सुखाचा जात नाहीं, अशांपैकीं भांडीं घांसण्याची जागा ही एक होय. पूर्वीं ही जागा म्हणजे मोरी. शहाबादी फरशीची, चार बोटें उंच कठड्याची, कोपऱ्यांत एक भोंक असलेली. बायका तेथें उकिडव्या बसत आणि राखेनें नाहीं तर चिंचेनें भांडीं घांशीत. ती मोरी एखाद्या बाजूस थोडी वांकडी असली तरी कोणी तें फारसें मनावर घेत नसे. दगड जमिनींतच बसलेला असे, आणि वाट चुकलेलें पाणी फरशीवरून फिरून पुन्हां मोरींतच येई.

पुढें स्वयंपाकघर उभें राहिलें. चुलीपुढें बसून करावयाचा स्वयंपाक कमरेइतक्या उंच ओट्यावर चढला, आणि त्याच्या मागोमाग मोरीहि वर चढली. आतां ओट्याच्या दगडाला चौकोनी भोंक पाडून त्यांत न गंजणाऱ्या पोलादाचें एक मोठें भांडें बसवितात. त्याला इंग्रजी नांवानेंच सिंक म्हणतात, आणि त्यास मराठींत दुसरा शब्द रूढ झालेला नाहीं. मोरी जमिनीवर होती तोंपर्यंत तिच्या वांकडेपणाची जबाबदारी पृथ्वीवर होती. ती ओट्यावर चढल्यापासून ही जबाबदारी गवंड्यावर, दुकानदारावर आणि घरधन्यावर येऊन पडली आहे.

नवें सिंक बसवितांना जी तक्रार वारंवार ऐकूं येते ती ही कीं तें सपाट बसत नाहीं. त्याचे तीन कोपरे दगडाला टेकतात आणि चौथा अधांतरीं राहतो. तो बोटानें दाबावा तर खालीं जातो, पण त्याच वेळीं दुसरीकडचा एखादा कोपरा मान वर करतो. फट पाहावी तर एक सुताची, फार झालें तर दोन सुतांची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिलिमीटरच्या हिशेबानें तीनांहून किंचित् अधिक. सुतार आणि गवंडी अद्यापि सुताचीच भाषा बोलतात, आणि हातानें काम करणाराला ती सोयीचीहि आहे.

एवढ्याशा फटीचें एवढें काय मोठें, असें घरधन्याला वाटतें. परंतु पाण्याला जावयास सुताची वाट लागत नाहीं, केसाइतकी पुरते. दोन जवळजवळ असलेल्या पृष्ठांच्या मधून पाणी आपण होऊन ओढलें जातें, मग ती वाट आडवी असो कीं थोडी चढाची. यालाच पदार्थविज्ञानांत केशाकर्षण म्हणतात. सिंकच्या कांठाखालीं शिरलेलें पाणी दगडाच्या खालच्या अंगास पोंचतें, तेथून ओट्याखालच्या कपाटांत थेंब थेंब पडतें. कपाटाची लांकडी फळी फुगते, तिचे पापुद्रे सुटतात, पिठाच्या डब्याला कुबट वास येऊं लागतो आणि रात्रीं झुरळांची वर्दळ सुरू होते. शहरांत एकावर एक बिऱ्हाडें असल्यामुळें गोष्ट एवढ्यावरच थांबत नाहीं. खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर प्रथम एक पिवळट डाग उमटतो, आणि चार वर्षें एकमेकांकडे साखर-दही मागणारीं दोन कुटुंबें जिन्यावर भेटलीं तरी बोलेनाशीं होतात. एका सुतानें हें सर्व घडूं शकतें.

अशा वेळीं घरांत होणारा संवादहि बहुधा ठरलेला असतो. गवंडी हात झटकून म्हणतो, "मालक, दगड एकदम बरोबर आहे. सिंकच वांकडें आलें आहे." तें सिंक रिक्षांत घालून दुकानीं परत न्यावें तर दुकानदार तें आपल्या मेजाच्या कांचेवर उपडें ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, हें पाहा, तंतोतंत टेकतें. तुमच्या मिस्त्रीनें दगड नीट कापलेला नाहीं." हें म्हणतांना त्याचा तळहात सिंकच्या एका कोपऱ्यावर दाबून ठेवलेला असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. घरधनी तें ओझें घेऊन पुन्हां घरीं येतो. तोंपर्यंत दुपार झालेली असते, आणि गृहिणी विचारते, "अहो, कोणाचें का चुकलेलें असेना, आज रात्रीचीं भांडीं कोठें घांसावयाचीं तें सांगा." या साऱ्या चर्चेंत तिचाच प्रश्न सर्वांत मुद्द्याचा असतो, आणि त्यालाच कोणी उत्तर देत नाहीं.

शेवटीं गवंड्याची मजुरी अडवून ठेवली जाते, किंवा घाईघाईनें हातोडी उचलली जाते. हीं दोन्हीं कृत्यें सारखींच अविचाराचीं. दोष दगडाचा नसतांना दगड पुन्हां कापावयास घेतला आणि तो तडकला, तर सिंकच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च येतो. दोष सिंकचा नसतांना त्याचा कांठ ठोकला, तर चांगलें सिंक कायमचें बिघडतें. आणि हातावर पोट असलेल्या कारागिराचा दिवस त्याचा कांहीं अपराध नसतां बुडविणें हें तर मुळींच योग्य नव्हे. म्हणून दोष कोणाचा, याची चौकशी आधीं करावी. तिला एक तास पुरतो, आणि साहित्य म्हणाल तर दोन दोरे, एक पोलादी पट्टी आणि एक पाणसळ.

चौकशीपूर्वीं डोलण्याचें मूळ कारण ध्यानांत घेतलें पाहिजे. शेतावरची चूल तीन धोंड्यांची असते. चार धोंड्यांची कोणी मांडीत नाहीं. भूमितीची एक अक्षरहि न शिकलेल्या बाईला हें ठाऊक असतें कीं, तीन धोंडे कसेहि उंचसखल असले तरी त्यांवर ठेवलेलें पातेलें कदाचित् कलेल, पण डुगडुगणार नाहीं. कोणत्याहि तीन बिंदूंतून एक पातळी जातेच. चौथा बिंदु आला कीं तो त्याच पातळींत असेलच असा भरवसा नाहीं. म्हणून तिवई कधीं डुगडुगत नाहीं, आणि चौरंगाच्या एका पायाखालीं मात्र कागदाची घडी सारावी लागते. सिंकला पाय नाहींत. त्याच्या चारी बाजूंनीं कांठ आहे, म्हणजे जणूं शेंकडों पाय आहेत. ते सर्व एकाच पातळींत यावेत आणि खालचा दगडहि त्याच पातळींत असावा, अशी ही अपेक्षा आहे. ती सहजासहजीं पुरी होत नाहीं यांत नवल नाहीं.

तेव्हां सिंक डोलत असेल तर कारण चारांपैकीं एक असतें. त्याचा कांठ पिळलेला असतो, किंवा दगड पिळलेला असतो, किंवा दोहोंच्या मध्यें कांहीं तरी अडकलेलें असतें, किंवा खालून कोणी तरी त्याला वर ढकलीत असतें. शेवटचीं दोन कारणें सर्वांत सोपीं आणि सर्वांत उपेक्षित. नव्या सिंकच्या कांठावर ओरखडे पडूं नयेत म्हणून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. तो कांठाखालीं दुमडून राहतो. दगड कापतांना उडालेली कच, वाळलेल्या सिमेंटचा एखादा कण, भोंकाच्या धारेवर राहिलेला खडबडीत भाग, कांठाखालीं फिरून अडकलेली एखादी क्लिप, यांपैकीं कांहींहि एक सुताची फट उत्पन्न करावयास पुरेसें आहे. प्रथम सिंक उचलून दोन्ही पृष्ठें ओल्या फडक्यानें पुसून घ्यावींत आणि दगडावरून बोट फिरवावें. जेथें डोळ्याला दिसत नाहीं तेथें बोटाच्या टोंकाला कळतें. त्यानंतर खालच्या नळीकडे पाहावें. जुनी नळी कडक असून अर्धा इंच लांब राहिली असेल, तर ती नव्या सिंकला पोटाखालून टेकू दिल्याप्रमाणें उचलून धरते. हें वरून कधींच कळत नाहीं. नळी सोडवून पाहिली आणि सिंक मुकाट्यानें खालीं बसलें, असें झाल्यास चौकशी तेथेंच संपली.

तसें न झालें तर दगडाची परीक्षा करावी. सिंक बाजूला ठेवून, त्याचा कांठ दगडावर जेथें टेकतो त्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून धरावे. दोन माणसांचे चार हात त्याला लागतात. घरांतील मुलेंमुली हें काम आवडीनें करतात. दोरे दगडाला अगदीं टेकलेले आणि सतारीच्या तारेसारखे ताणलेले हवेत. ते मध्यभागीं एकमेकांना छेदतात. चारी कोपरे एका पातळींत असतील तर वरचा दोरा खालच्याला जेमतेम स्पर्श करील. एक कोपरा उंच असेल आणि त्याच्यावरून गेलेला दोरा वर असेल, तर दोहोंमध्यें फट दिसेल. मात्र तोच दोरा खालीं असेल तर तो वरच्याला उचलून धरील आणि फट दिसणार नाहीं. म्हणून दोऱ्यांची खालवर अदलाबदल करून दुसऱ्यांदां पाहिलेंच पाहिजे. मध्यें दिसणारी फट ही कोपऱ्याच्या उंचीच्या निम्मी असते, हेंहि विसरूं नये. मध्यें अर्ध्या सुताची फट म्हणजे कोपऱ्याशीं एक सुताचा दोष. दोऱ्यांनीं फक्त कोपऱ्यांची साक्ष मिळते. बाजूंची साक्ष घ्यावयाची तर चारी बाजूंवर सरळ पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड दिसतो कीं काय तें पाहावें.

येथें एक घोटाळा दूर करणें जरूर आहे. पुष्कळ लोक दगडावर पाणसळ ठेवतात, तिचा बुडबुडा मध्यें आलेला पाहतात आणि दगड सपाट आहे असा निकाल देतात. सपाट असणें निराळें आणि पाणसळींत असणें निराळें. भिंतीला टेकवून ठेवलेली पाटी सपाट असते, परंतु पाणसळींत नसते. उलट, एकाच दगडाच्या मधोमध बुडबुडा बरोबर येईल आणि कोपरा पिळलेला असेल. शिवाय पाणसळ स्वतः खरी आहे कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. ती एका जागीं ठेवून बुडबुडा पाहावा, मग टोंकाला टोंक बदलून त्याच जागीं पुन्हां ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळां एकाच बाजूला गेला तर जागा कलती आहे. तो बाजू बदलूं लागला तर पाणसळच खोटें बोलत आहे.

आतां सिंकची पाळी. तें जाड कांचेवर किंवा दोऱ्यांनीं तपासून घेतलेल्या फरशीवर उपडें ठेवावें आणि कोणीहि त्याला हात लावूं नये. पोस्टकार्डाचे तुकडे करून ते कांठाखालीं सारून पाहावे; जेथें एकहि तुकडा जात नाहीं तेथें कांठ टेकलेला आहे, जेथें तीन-चार एकावर एक जातात तेथें तो उचललेला आहे.

कांहीं हुशार माणसें याहून सोपी युक्ति सांगतात. सिंक भोंकांत अर्धें वळण देऊन उलट्या बाजूनें बसवावें. फट सिंकबरोबर फिरली तर दोष सिंकचा, ती जागच्या जागीं राहिली तर दोष दगडाचा. ही युक्ति अर्धीच खरी आहे. कांठाचा एकच कोपरा कोठें आपटून दुमडला असेल तर ती बरोबर उत्तर देते. परंतु सबंध कांठाला पीळ पडलेला असेल, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खालीं असे असतील, तर अर्धें वळण दिल्यावर वरच्याच्या जागीं वरचा आणि खालच्याच्या जागीं खालचा कोपरा येतो. फट जेथें होती तेथेंच राहते, आणि बिचाऱ्या दगडावर आळ येतो. गवंडी आणि दुकानदार यांच्या भांडणाचें मूळ पुष्कळदां या एका गोष्टींत असतें. दोऱ्यांची परीक्षा मात्र असा पक्षपात करीत नाहीं.

सिंकला पीळ पडतोच कां, हें समजण्यासाठीं त्याच्या जन्माकडे थोडें पाहिलें पाहिजे. न गंजणाऱ्या पोलादाचा शोध फार जुना नव्हे. जर्मनींत क्रुपच्या कारखान्यांत १९१२ च्या सुमारास क्रोमियम आणि निकेल मिसळलेलें पोलाद सिद्ध झालें, आणि इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यांनीं १९१३ सालीं तोफाबंदुकांच्या नळ्यांसाठीं धातु शोधीत असतां क्रोमियमयुक्त पोलादाचा गुण ओळखला. बंदुकीच्या नळीसाठीं चाललेल्या खटपटींतून सुरी, वाटी आणि ताट यांचें भाग्य उघडलें. आजच्या चांगल्या सिंकचें पोलाद साधारणतः शंभरांत १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असलेलें असतें. त्याचा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा प्रचंड दाबाच्या यंत्राखालीं सांच्यांत ओढून त्याला खोली आणतात. आपल्या घरीं घरगुती सिंकांसाठीं भारतीय मानकहि ठरलेलें आहे. त्याचा क्रमांक १३९८३, साल १९९४.

पत्रा सांच्यांत ओढला म्हणजे तो सांच्याचा आकार घेतो खरा, पण मनापासून घेत नाहीं. नुकत्याच भिजविलेल्या कणकेची पोळी लाटतांना लाटणें उचलतांच ती जशी आंखडते, तसाच हा पत्रा दाब निघतांच थोडा मागें फिरतो. कोपऱ्यांशीं तो अधिक ताणलेला असतो, बाजूंना कमी. हा ताण चारी बाजूंनीं सारखा नसल्यामुळें कांठाला किंचित् पीळ राहतो. ज्या सिंकला जोडूनच भांडीं निथळत ठेवण्याचा लांब पन्हाळीदार पत्रा असतो, त्यांत हा दोष अधिक दिसतो. त्यानंतर टेंपोंतील धक्के, हमालाची घाई आणि गोदामांतील एकावर एक रचलेली चळत. पातळ सिंक या प्रवासांत अधिक बिघडतें. दुकानांत सिंक घेतांना लोक त्याची चकाकी पाहतात आणि टिचकी मारून आवाज ऐकतात. त्याऐवजीं तें तेथेंच उपडें घालून, सर्वांचे हात बाजूला काढावयास सांगून पाहिलें, तर पुढील निम्मा त्रास वांचतो.

पीळ किती चालेल? घरगुती मापाच्या सिंकला एक सुताच्या आंतला पीळ क्षम्य समजावा. पत्रा लवचिक आहे. खालून क्लिपांनीं ओढला कीं तो दगडाला टेकतो. त्याहून अधिक असेल तर मात्र तें सिंक परत करावें, मग दुकानदार कांहींहि म्हणो. जबरदस्तीनें खालीं ओढलेला कांठ रात्रंदिवस वर येण्याची संधि पाहत असतो, आणि सहा महिन्यांनीं सांध्याचा रबरासारखा पट्टा कोठें तरी सोडवून ती साधतो. परत करावयाचें तें त्याला भोंक पाडण्यापूर्वीं आणि सांध्याचा मसाला लावण्यापूर्वीं; एकदां लावल्यावर कोणी परत घेत नाहीं. हातोडीनें कांठ सरळ करण्याचा मोह टाळावा. हें पोलाद थंडपणीं ठोकलें कीं अधिकच कठीण होतें, आणि ठोकलेल्या जागीं पसरल्यामुळें एका फटीच्या जागीं चार लाटा येतात. चिनी मातीच्या सिंकला तर ओढणें-दाबणें कांहींच लागू नाहीं. तें भट्टींत आकसतांना जसें वांकलें तसेंच जन्मभर राहणार. त्याला खालून मसाल्याची गादी करून त्यावरच बसवावें लागतें.

दोष दगडाचा निघाला तर काय? महाराष्ट्रांतील ओट्याची रचना बहुधा अशी असते: खालीं उभे कडाप्पे, त्यांवर आडवा कडाप्पा आणि सर्वांच्या वर ग्रॅनाइटचा तुकडा. कडाप्पा हा आंध्र प्रदेशांतील कडप्पा जिल्ह्याच्या नांवानें ओळखला जाणारा काळा चुनखडीचा दगड. ग्रॅनाइट निराळा, फार कठीण. लांब ओट्यावर ग्रॅनाइटचे दोन तुकडे जोडावे लागतात, आणि पुष्कळदां हा जोड नेमका सिंकपाशीं येतो. एक तुकडा दुसऱ्यापेक्षां अर्धा सूत वर राहिला कीं सिंकचा कांठ त्या पायरीवर अडखळतो. असा उंचवटा यंत्राच्या चक्रानें, पाणी मारीत, सावकाश घांसून काढतां येतो. छिन्नी मात्र लावूं नये. सिंकच्या पुढच्या बाजूला ओट्याच्या कडेपर्यंत दगडाची दोन-तीन इंचांचीच पट्टी उरते, आणि तडा जातो तो येथेंच. भोंकाचे आंतले कोपरे काटकोनांत कापलेले असतील तर तडा जाण्याचा संभव फार वाढतो, कारण सर्व ताण त्या टोंकदार कोपऱ्यांत गोळा होतो. जाणता कारागीर आधीं चारी कोपऱ्यांना गोल भोंकें पाडतो आणि मग सरळ रेघा कापतो. ओट्याचा एखादा उभा कडाप्पाच खचला असेल, तर त्याला मात्र दगड उचलून पुन्हां बसविण्यावांचून इलाज नाहीं. तेथें मसाला कितीहि भरला तरी ती मलमपट्टी.

सर्व ठीक झाल्यावर सिंक पक्कें करण्याची पाळी येते. सांध्यासाठीं हल्लीं सिलिकोनचा मसाला नळकांड्यांतून मिळतो. त्यांत दोन जाती आहेत, आणि दुकानदार ही गोष्ट विचारल्याशिवाय सांगत नाहीं. एक जात वाळतांना शिरक्यासारखा वास सोडते. हा वास आम्लाचा असतो. लिंबाचा रस सांडला असतां कडाप्प्यावर पांढुरका डाग पडतो, हा अनुभव गृहिणींना आहेच. त्याच कारणानें हा मसाला चुनखडीच्या दगडाला आणि संगमरवराला वर्ज्य. दुसरी जात बिनवासाची, न्यूट्रल म्हणून मिळते. दगडाच्या ओट्याला ती घ्यावी. पूर्वीं गवंडी हा सांधा पांढऱ्या सिमेंटनें भरीत, आणि कांहीं ठिकाणीं अजूनहि भरतात. त्यांत कारागिराचा आळस नाहीं, जुनी संवय आहे. पण तो सांधा टिकत नाहीं. भाताची उकळती पेज सिंकमध्यें ओतली कीं पोलाद तापून वाढतें. दोन फूट लांबीच्या सिंकचें तापमान पन्नास अंशांनीं वाढलें तर त्याची लांबी सुमारें अर्धा मिलिमीटर वाढते. दगड तितका तापतहि नाहीं आणि वाढतहि नाहीं. दिवसांतून दोन-तीन वेळां होणारी ही ओढाताण सिमेंट सहन करीत नाहीं, तें तडकतें. सिलिकोन रबरासारखें ताणलें जातें आणि पुन्हां जागेवर येतें.

मसाला लावण्यापूर्वीं दोन्ही पृष्ठें कोरडीं ठणठणीत हवींत. कांठाखालीं त्याची एक अखंड वळी फिरवावी, मध्यें तुटूं देऊं नये. जेथें फट अधिक तेथें किंचित् जाड. मग सिंक सरळ वरून खालीं ठेवावें, सरकवीत नेऊं नये. क्लिपा आवळण्याचाहि एक क्रम आहे. एका कोपऱ्यापासून सुरवात करून ओळीनें आवळीत गेलें तर सर्व पीळ शेवटच्या कोपऱ्यांत जाऊन सांचतो. मोटारीच्या चाकाचे नट जसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळतात, तसें करावें. पहिल्या फेरींत नुसतें लागेपर्यंत, दुसऱ्या फेरींत अर्धा वळसा, तिसऱ्या फेरींत पाव. बाहेर थोडा मसाला डोकावला म्हणजे थांबावें. त्यापुढें जोर केला तर एक तर पत्र्यावर खळगा पडतो किंवा दगडाची पुढची पट्टी कुरकुरते.

उचललेल्या कोपऱ्यावर पाण्यानें भरलेली कळशी ठेवून द्यावी आणि चोवीस तास कोणी हात लावूं नये. सिलिकोन हवेंतील दमट अंश घेऊन बाहेरून आंत घट्ट होत जातें. दिवसाकांठीं साधारण दोन ते तीन मिलिमीटर, याहून वेगानें नाहीं. तेवढ्या एका रात्रीपुरतीं भांडीं न्हाणीघरांत घांसावीं लागतात, आणि हें काम सुरू करण्यापूर्वींच घरांत सांगून ठेवावें. जीं सिंकें दगडाच्या खालून चिकटवितात त्यांच्याबाबत अधिक सावध राहिलें पाहिजे. बावीस इंच लांब, सोळा रुंद आणि आठ खोल असें भांडें कांठोकांठ भरलें तर त्यांत सुमारें ४६ लिटर, म्हणजे ४६ किलो पाणी मावतें, आणि त्यांत भांडीं निराळीं. एवढा भार नुसत्या चिकटपणावर लटकत ठेवणें हें धाडस आहे. खालून दोन आडव्या पट्ट्यांचा किंवा कडाप्प्याचा आधार हवाच.

नळी जोडावयाची ती सर्व घट्ट झाल्यावर, आधीं नव्हे. जाळीच्या खालचें वायसर नवें घालावें. वांकड्या नळींत पाणी अडून राहतें आणि गटाराची घाण हवा घरांत येऊं देत नाहीं. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या एका घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं ज्या वांकड्या नळीचें पेटंट घेतलें, तिचीच ही वंशज. पुढें भिंतीकडे जाणाऱ्या नळीला चाळीस बोटांस एक बोट एवढा ढाळ पुरतो. ती सिंकला वर ढकलीत नाहीं आणि खालींहि ओढीत नाहीं, एवढी तिची लांबी बेताची कापावी.

राहिली पाण्याची परीक्षा. गवंड्याची उरलेली मजुरी तिच्यानंतर लगेच हातावर ठेवावी, दुसऱ्या दिवसावर टाकूं नये. ही परीक्षा दोन टप्प्यांत करावयाची असते, आणि लोक ती एकाच टप्प्यांत उरकतात. कांठावरून झिरपलेलें पाणी सिंकच्या बाहेरच्या अंगावरून ओघळत तळाशीं येतें आणि बरोबर जाळीखालीं टपकतें. मग दोष नसतांना वायसर बदललें जातें, तरी गळती चालूच राहते. म्हणून ओट्याखालीं कोरडें वर्तमानपत्र पसरून प्रथम कांठ मुळींच न भिजवितां सिंक अर्धें भरावें, दहा मिनिटें थांबावें आणि पाणी सोडून द्यावें. कागद ओला झाला तर दोष जाळीचा किंवा नळीचा. तो कोरडा राहिला तर तसाच असूं द्यावा, आणि भिजलेलें फडकें कांठाच्या चारी बाजूंनीं पिळीत फिरावें. ज्या कोपऱ्याला आरंभीं फट होती तेथें दोनदां. पंधरा मिनिटांनीं बॅटरीच्या उजेडांत खालून पाहिलें असतां एखाद्या क्लिपेजवळ ओल दिसली, तर त्या एका क्लिपेला आणखी पाव वळसा द्यावा, वरून त्या जागीं मसाल्याची बोटभर रेघ ओढावी, आणि दुसऱ्या दिवशीं तेवढाच कोपरा पुन्हां भिजवून पाहावा.